तान्ह्या मुलांना दुधाचे वावडे : ओळख आणि पारख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, उत्तरेतील मराठ्यांचा इतिहास झाला. अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत तान्ह्या मुलाच्या दुपट्याचा विषय घेऊन मी उभा राहावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटत असेल. मी वैद्य नव्हे. विद्यापीठाने मला दिलेली पदवी बी. ए.ची, आणि पोटासाठी तीस वर्षे करीत आलो ते काम केंद्र सरकारच्या हिशेबतपासणीचे. तरीही कार्यवाहांनी आग्रह धरला, कारण दीड वर्षांपूर्वी आमच्या घरी जे घडले ते वसाहतीतील पुष्कळांना ठाऊक आहे, आणि तेव्हापासून तीन-चार घरांतून मला एकच प्रश्न विचारण्यात आला : बाळाला दूध बाधते की काय, हे ओळखावे कसे?

मी जे सांगणार आहे ते जाणकार डॉक्टरांकडून समजून घेतलेले आणि छापील आधारांशी ताडून पाहिलेले आहे. औषधयोजना मी सांगणार नाही. तो माझा अधिकार नव्हे.

आपल्या भाषेत या विकाराला एक जुना, नेमका शब्द आहे : वावडे. अमक्याला वांग्याचे वावडे, तमक्याला कोळंबीचे वावडे, असे आपण सहज म्हणतो. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली 'ॲलर्जी' हा शब्द रूढ केला, त्यापूर्वी कितीतरी आधीपासून आपल्या आज्या-पणज्या हा अनुभव या शब्दात सांगत आल्या आहेत. शरीरात परक्या जंतूंशी झुंजणारी जी यंत्रणा आहे, ती कधीकधी निरुपद्रवी अन्नातील प्रथिनालाच शत्रू समजते व त्याच्यावर तुटून पडते. या तुटून पडण्याचा जो उपद्रव, तेच वावडे. दूध हे बाळाच्या पोटात जाणारे पहिले परके अन्न असते, म्हणून तान्हेपणी हे वावडे बहुधा दुधाचे निघते. गाईच्या दुधात प्रथिनांचे दोन मोठे वर्ग आहेत. दही लावताना जे घट्ट होते ते केसीन, सुमारे चार पंचमांश. आणि वर सुटणाऱ्या निवळीतील प्रथिने, उरलेला एक पंचमांश. या निवळीत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे एक प्रथिन असते. मानवी माता ते स्वतः निर्माण करीत नाही. मात्र आईने गाई-म्हशीचे दूध घेतले, तर त्याचा अत्यल्प अंश तिच्या अंगावरच्या दुधात उतरू शकतो. ही एवढीशी गोष्ट पुढच्या साऱ्या कहाणीत महत्त्वाची आहे.

वावडे दोन प्रकारांनी प्रकट होते. पहिला प्रकार तडकाफडकी. दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर पित्त उठावे तशा लाल गांधी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात, उलटी होते, खोकला किंवा श्वासाला घरघर लागते. यामागे रक्तातील आयजीई नावाचे प्रतिद्रव्य असते. त्याचा शोध १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनच्या योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे लावला. आपल्या घरांतून या प्रकाराची पहिली गाठ पुष्कळदा उष्टावणाच्या दिवशी पडते. सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर वाढलेल्या बाळाला त्या दिवशी चांदीच्या वाटीतून खीर चाटवतात. म्हणजे गाईम्हशीचे दूध थेट त्याच्या जिभेवर प्रथमच येते. तोंडाभोवती लाली उठली की मंडळी म्हणतात, दृष्ट लागली. दृष्ट खुशाल काढावी. परंतु किती वाजता काय चाटवले आणि किती मिनिटांनी काय उठले, एवढे कागदावर टिपून डॉक्टरांकडे जावे, आणि तोवर दुसरा चमचा देऊ नये. श्वास लागला, आवाज बसला, मूल पांढरेफटक किंवा लुळे पडले, तर घरगुती उपायांत एक क्षणही न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. तेथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो.

दुसरा प्रकार सावकाश चालणारा, आणि म्हणूनच फसवा. दूध आज पोटात जाते आणि खूण काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी दिसते. शौचात शेम आणि रक्ताचे तंतू, लांबलेला अतिसार, वारंवार उलट्या, न हटणारे इसब, आणि सर्वांत चिंतेची खूण म्हणजे न वाढणारे वजन. यातच एक उग्र रूप आहे : दूध पाजल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होतात आणि मूल निस्तेज, गार, मलूल पडते. अंगावर गांधी उठत नाहीत, ताप नसतो, त्यामुळे हे विषबाधेसारखे किंवा जंतुसंसर्गासारखे भासते. पुढच्या वेळी तेच दूध दिल्यावर तेच घडले, की मग डोक्यात प्रकाश पडतो. तेही मूल त्वरित रुग्णालयात न्यावयाचे असते. सावकाश प्रकारात आयजीईचा हात नसल्याने रक्ततपासणी किंवा त्वचेवरील टोचणीची चाचणी काही सांगत नाही. आणि जाहिरातींतून ज्या आयजीजी चाचण्यांची मोठाली पत्रके फिरतात, त्यांचा वावडे ओळखण्यास उपयोग नाही, याबद्दल जाणकारांत एकमत आहे. ते पैसे वाचवावेत.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण सावकाश प्रकार तिच्यावरून नीट समजेल.

कन्या पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. नात झाली, वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. सर्व काही सुरळीत. अंगावरचे दूध मुबलक, वरचे दूध थेंबभरही नाही. पाचव्या आठवड्यात एके सकाळी दुपट्यावर शेमेत गुंतलेला रक्ताचा तंतू दिसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसला. मूल मात्र हसतखेळत होते, दूध ओढून पीत होते. त्या दिवशी आमचा दूरध्वनी थंड झाला नाही. आपणा बदलीच्या लोकांची ही एक गंमतच आहे : आजी, मावशी, आत्या हजार-बाराशे किलोमीटरवर असतात, मूल हातात घेऊन पाहणारे कोणी नसते, पण सल्ला देणारे मात्र सर्व असतात. विहीणबाईंनी सांगितले, उष्णता आहे, बाळगुटीत मुरुडशेंग वाढवा. माझ्या थोरल्या वहिनींनी सांगितले, दातांची पूर्वतयारी असेल. पाचव्या आठवड्यात!

प्रथम ज्या दवाखान्यात गेलो तेथील डॉक्टरांनी दुपटे पाहिले, मूल तपासलेच नाही, आणि चिठ्ठी लिहिली : अंगावरचे दूध बंद, लॅक्टोजविरहित दुधाचा डबा सुरू. घरी येऊन कन्या कोपऱ्यात बसली. संध्याकाळी मला म्हणाली, "बाबा, माझंच दूध हिला बाधतं, असंच ना?" या प्रश्नासाठी मी हा विषय घेतला आहे, असे म्हटले तरी चालेल. कारण त्या एका चिठ्ठीत दोन गोंधळ होते, आणि तेच दोन गोंधळ मला पुढे घरोघर भेटले.

पहिला गोंधळ लॅक्टोजचा. लॅक्टोज ही दुधातील साखर. वावडे असते ते प्रथिनाचे. साखर पचवणारा लॅक्टेज हा रस आतड्यात कमी पडला तर वायू धरतो, पातळ आंबूस शी होते, पण रक्त पडत नाही, गांधी उठत नाहीत. मोठ्या माणसांत हे फार आढळते. आपल्यापैकी अनेकांना पेलाभर दुधाने पोट फुगते ते याच कारणाने. तान्ह्या मुलात मात्र ही उणीव जन्मतः असणे अत्यंत दुर्मिळ आहे. जोरदार जुलाबांनंतर काही दिवस ती येते आणि जाते. स्वतः आईच्या दुधात शेकडा सात भाग लॅक्टोज असतो, आणि निसर्गाने ते बाळासाठीच ठेवलेले आहे. तेव्हा प्रथिनाचे वावडे असलेल्या मुलाला नेहमीच्या लॅक्टोजविरहित डब्याने काय लाभ? साखर काढली, प्रथिन तसेच राहिले. दुसरा गोंधळ याहून घातक. वावडे आईच्या दुधाचे नसते. त्यात उतरलेल्या परक्या प्रथिनाच्या अंशाचे असते. उपाय करावयाचाच तर आईच्या ताटात करावा लागतो. बाळाचे तोंड छातीपासून दूर करण्याचे कारण नाही.

आम्ही दुसरे मत घेतले. ते डॉक्टर वयाने मोठे, बोलण्यास तुटक. त्यांनी आधी वजन केले : तीन किलो नऊशे. ते कागदावर लिहिले आणि म्हणाले, हा आकडा चांगला आहे, आता घाई नाही. मग शौचाच्या जागी चीर पडली आहे का ते पाहिले, शौचाची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली, जन्मतः के जीवनसत्त्वाची सुई दिली होती का, ते विचारले. हे सर्व झाल्यावर प्रश्न केला : आई काय खाते?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या सौभाग्यवतींनी मोठ्या अभिमानाने दिले. सकाळी खारीक उगाळून घातलेले दूध. दहा वाजता अळिवाची खीर. जेवणात तूपभात आणि दही. चारला डिंकाचा लाडू, सोबत दूध. रात्री शतावरी घातलेले आणखी एक पेलाभर. म्हणजे बाळंतिणीच्या पोटात दिवसाकाठी दीड लिटर दूध जात होते, तेही येथील दाट म्हशीचे! डॉक्टर किंचित हसले आणि म्हणाले, चार आठवडे दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ आईने बंद करावेत, अंगावर पाजणे तसेच चालू ठेवावे.

बाळंतिणीचे दूध बंद! आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी जणू दुखवटा होता. तूपही बंद, कारण घरी कढवलेल्या तुपात बेरीचा अंश राहतो. पण अळीव दुधाशिवाय शिजत नाहीत असे थोडेच आहे? ओल्या नारळात आणि गुळात अळिवाचे लाडू कोकणात पिढ्यान्‌पिढ्या होत आलेले आहेत. नाचणीची आंबील झाली, तिळाची चटणी झाली, शेवग्याच्या पाल्याची भाजी झाली. नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गाईच्या दुधात सुमारे एकशेवीस; हे आकडे मी सौभाग्यवतींना दाखवले तेव्हा त्यांचा राग थोडा निवळला. तरी पाजणाऱ्या आईला एवढ्याने पुरत नाही, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी वेगळ्या लिहून दिल्या होत्या. त्या विसरू नयेत. बाहेरच्या पदार्थांचे वेष्टन वाचण्याचे काम माझ्याकडे आले. २०२० च्या खाद्यवेष्टनविषयक नियमांनुसार, दूध असलेल्या पदार्थाच्या वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख करणे आपल्या देशात बंधनकारक आहे. बिस्किटे, पाव, फरसाणाच्या काही पुड्या, इतकेच काय, सूपाची पाकिटेही या उल्लेखासह निघाली.

आणि मी एक वही घातली. चार रकाने : तारीख व वेळ, आईने काय खाल्ले, बाळाची शी कशी, इतर तक्रार. आठवड्यातून एकदा वजन. घरच्यांनी माझी थट्टा केली, की बाबांनी नातीवरही लेखापरीक्षण बसवले. करोत बापडे. बाराव्या दिवसानंतर त्या वहीत रक्ताची नोंद नाही.

येथे बहुतेक घरे थांबतात. आणि नेमके येथेच थांबू नये. चार आठवडे पुरे झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता आईने पुन्हा दूध घ्यावे. घरात एकमुखाने विरोध झाला. चांगले चालले आहे ना, मग विस्तवाशी खेळ कशाला? परंतु माझ्या धंद्यातील माणसाला हे म्हणणे पटण्यासारखे होते. तान्ह्या मुलाच्या शौचातील असे रक्त पुष्कळदा काहीही न करता आपोआप थांबते. दूध सोडल्यावर ते थांबले, एवढ्यावरून दूधच कारण होते असे सिद्ध होत नाही. जसे तूट भरून निघाली म्हणून ती कोणी केली हे कळत नाही. पुन्हा दूध दिले आणि खूण पुन्हा दिसली, तरच आक्षेप कायम. सावकाश प्रकाराच्या वावड्याची पारख हीच : सोडून पाहणे, आणि पुन्हा घेऊन पाहणे. भारतातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली 'इंडियन पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही या दोन्ही पायऱ्यांना महत्त्व आहे. मात्र तडकाफडकी प्रकारात ही परीक्षा घरी कदापि करावयाची नाही. ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखालीच.

कन्येने दूध घेतले. तिसऱ्या दिवशी दुपट्यावर तंतू दिसला. आक्षेप कायम झाला, आणि पुढे ती पाजत होती तोवर तिच्या ताटात दूध आले नाही.

आता दुसरी बाजू. आमच्याच वसाहतीत एका तरुण जोडप्याचे बाळ, तक्रार तीच, तपासणीही तीच. चार आठवड्यांनी आईने दूध पुन्हा सुरू केले, आठ दिवस वही लिहिली, आणि काहीही झाले नाही. वावडे नव्हतेच. त्या मुलीने तो दुसरा टप्पा टाळला असता, तर वर्षभर ती दह्याकडे पाहत उपाशी राहिली असती, आणि 'याला दूध चालत नाही' ही मोहोर मुलाच्या कपाळी बसली असती. तेव्हा वावडे शोधून काढणे जितके महत्त्वाचे, तितकेच नसलेले वावडे खोडून काढणे महत्त्वाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी ठासून सांगतो याला कारण आहे. पाश्चात्त्य देशांत अलीकडे हे निदान फार सढळ हाताने होऊ लागले. २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने या अतिनिदानामागे दुधाचे डबे बनवणाऱ्या उद्योगाचा हात कितपत आहे, याचा परखड शोध घेणारा लेख छापला. साधे रडणे, साधी गुळणी, यांनाही वावड्याच्या यादीत बसवले की डबे खपतात, हे उघड आहे. आपल्याकडे निदान कायदा तरी शहाणा आहे. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, आणि २००३ च्या दुरुस्तीने ती अधिक कडक केली. परंतु चिठ्ठीवर लिहून दिलेला डबा ही जाहिरात मानली जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

म्हणून वावडे कशाला म्हणू नये, तेही सांगतो. सर्वच तान्ही मुले रडतात. हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. संध्याकाळी ठरल्या वेळी पाय पोटाशी घेऊन रडणारे, पण एरवी गुटगुटीत होत जाणारे मूल, हा आईबापांच्या सहनशीलतेचा प्रश्न आहे, वावड्याचा क्वचित. दूध पाजल्यावर गुळणी टाकणारी मुले तर जवळजवळ निम्मी असतात. हिरवी शी एवढ्यावरून काहीच ठरत नाही. जन्माच्या वजनाची दुप्पट पाचव्या महिन्याच्या सुमारास, तिप्पट वर्षाला, हा ढोबळ हिशेब ध्यानी ठेवावा आणि माता-बाल संरक्षण पुस्तिकेतील वजनाचा आलेख दर महिन्यास भरावा. तो आलेख वर चढत असेल, तर शांतपणे विचार करण्यास वेळ आहे.

ज्या ठिकाणी वेळ नाही अशा खुणा निराळ्या. हिरवी पित्ताची उलटी. मूल रक्ताच्या जेलीसारखी शी करते आणि थांबून थांबून किंकाळी फोडते, कारण तेव्हा आतड्यात आतडे शिरलेले असू शकते. ताप व रक्त एकत्र. पोट टणक फुगलेले. मूल मलूल, लघवी कमी. अशा वेळी वावड्याची चर्चा करीत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. उत्तर प्रदेशात राहणाऱ्या आपणांस आणखी एका गोष्टीची जाणीव हवी. येथील मुलांत गव्हातील ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक नावाचा विकार पुष्कळ आढळतो. मूल पोळी, सुजी, बिस्किटे खाऊ लागल्यावर काही महिन्यांनी अतिसार आणि खुरटी वाढ सुरू झाली, तर दूध सोडण्याआधी गव्हाची चौकशी करावी; आणि त्याची तपासणी होईपर्यंत गहू मात्र बंद करू नये, नाहीतर तपासणी फसते. दुधाचे वावडे हा श्रीमंत देशांचा आजार, आपल्याकडे जुलाब ते केवळ जंतूंचे, असा समज बराच काळ होता. आपल्या लखनौच्याच संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील बालपोटविकारतज्ज्ञांनी २०१० साली शोधनिबंध लिहून हा विकार विकसनशील देशांतही ओळखला गेला पाहिजे, असे दाखवून दिले. रायबरेली मार्गावरून जाताना मला आता त्या संस्थेविषयी थोडी आपुलकी वाटते.

वरच्या दुधावर असलेल्या मुलाला वावडे निघाले तर काय, हा प्रश्न हमखास येतो. येथे प्रत्येकाजवळ एक रामबाण असतो. देशी गाईचे द्या, ए-टू द्या, म्हशीचे द्या, शेळीचे द्या, चांगले सात उकळ्या आणून द्या. यांपैकी एकही खरे नाही. शेळीच्या दुधातील प्रथिने गाईच्या प्रथिनांची सख्खी भावंडे आहेत. गाईचे न चालणाऱ्या शंभर मुलांतील नव्वदांहून अधिक मुलांना शेळीचेही चालत नाही. म्हशीची तीच कथा. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट अगदी कमी, त्यामुळे त्यावर वाढवलेल्या मुलाला रक्तक्षय होतो. देशी आणि विदेशी गाईंच्या दुधात एका केसीनच्या घडणीत लहानसा फरक असतो. तेवढ्याने वावडे हटत नाही. उकळण्याने जंतू मरतात, केसीन मरत नाही. गावाकडे फिरत्या बायका गाढविणीचे दूध चमच्याने विकतात. त्याची प्रथिने आईच्या दुधाच्या अधिक जवळची आहेत हे खरे, पण त्यात स्निग्धांश फार थोडा, आणि ते कच्चे पाजण्यात जंतूंचा धोका मोठा. ओट, बदाम, नारळ यांचे पांढरे पाणी तर वर्षाच्या आतील मुलाचे दूध होऊच शकत नाही. अशा मुलांसाठी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेले विशेष डबे मिळतात, आणि तीव्र प्रकारात निव्वळ अमिनो आम्लांचे. ते साध्या डब्याच्या कित्येक पट महाग असतात. सहा महिन्यांवरील मुलाला काही वेळा सोयाबीनचा डबा चालतो, जरी काही मुलांना सोयाबीनचेही वावडे असते. हे सर्व डॉक्टरांनी ठरवावयाचे. म्हणूनच आईचे दूध आटू न देणे हा खर्चाच्या दृष्टीनेही शहाणपणाचा व्यवहार आहे.

आणि दिलासा देणारी गोष्ट : हे वावडे बहुतेक मुलांत जन्मभर टिकत नाही. सावकाश प्रकार तर पुष्कळदा पहिल्या-दुसऱ्या वाढदिवसापर्यंत निघून जातो. तडकाफडकी प्रकार अधिक वर्षे रेंगाळतो. म्हणून ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा घ्यावयाची. ती पायरी-पायरीने. पिठात मिसळून भाजल्याने दुधातील प्रथिनाची धार बोथट होते, तेव्हा आधी दूध घातलेले बिस्किट, ते आठवडाभर सोसले तर केक, मग दूध घालून भिजवलेला पराठा, पुढे दही, पनीर, आणि शेवटी पेल्यातले दूध. आमच्या नातीने अकराव्या महिन्यात पहिले अर्धे बिस्किट खाल्ले. मी वही घेऊन बसलो होतोच. आज ती वाटीभर दही संपवते आणि उरलेले माझ्या सदऱ्याला पुसते.

सर्वांना मात्र असा सोपा मार्ग नसतो, आणि एक प्रत्यक्ष सूचना करून मी आपली रजा घेतो. तडकाफडकी वावडे असलेल्या मुलाला चमचाभर तीर्थही पुरते. आपल्या गणेशोत्सवात पंचामृत येणाऱ्या प्रत्येक लेकराच्या ओंजळीत आपण प्रेमाने घालतो, न विचारता घालतो. 'एवढ्याशाने काय होते' असे म्हणून आईचा हातही बाजूला करतो. तेव्हा प्रसादाच्या मेजावर दूध असलेले आणि नसलेले पदार्थ वेगळे मांडावेत, प्रत्येकासमोर पाटी असावी, खोबऱ्या-साखरेच्या खिरापतीचा चमचा पेढ्यांच्या ताटात जाऊ नये, आणि वाटणाऱ्या स्वयंसेवकाने मुलाला काही देण्यापूर्वी आईला विचारावे. ही सूचना मी कार्यवाहांकडे लेखी दिली आहे. ती स्वीकारल्याचे त्यांनी तोंडी कळवले आहे. लेखी उत्तराची मी वाट पाहत आहे.